आखाजीचा मुऱ्हाळी स्पोर्ट बाइकवर

गाडी बदलायची असेल तर खुशाल बदला, पण आखाजीच्या तोंडावर बदलू नका. हा सल्ला मी फुकट देतोय, कारण मी तो भोगून आलोय आणि माझं कंबरडं अजून पिंपळनेर-साक्री रस्त्यावरच कुठंतरी पडलेलं आहे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सराफाच्या दुकानात रांग लावतो. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधलेले, खापरावरचे मांडे, पाटीपाटीनं आंबे, आणि सासरहून सुटून आलेल्या बाया अशा काही उधळलेल्या असतात की गावातली पुरुषमंडळी जीव मुठीत धरून एका कोपऱ्यात पत्ते कुटत बसतात. या लेकीला सासरहून आणायला जो बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला, पिंपळनेरच्या अक्काला, आणायला आधी वडील जायचे. त्यांच्यामागं मी. जळगावहून पिंपळनेर म्हणजे अख्खं खान्देश आडवं कापायचं, गिरणेच्या काठापासून पार पश्चिमेच्या डोंगरापर्यंत. आणि हे मी दरवर्षी केलं ते माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर.

ती गाडी काय होती म्हणून सांगू! पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालायची. एकदा टाकी ठणठणीत कोरडी असताना मी तिला पाळधीपासून जळगावपर्यंत निव्वळ शिव्यांवर आणली होती. माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. नळ्यांची वेटोळी मागं, पुढं आणि गळ्यात घालून मी बांधाबांधानं हिंडायचो, तेव्हा लांबून मी दिसायचोच नाही. नळ्याच आपापल्या चालत शेतात निघाल्यात असं वाटायचं. माझी दोन्ही पोरं तिच्या टाकीवर बसून शाळेत गेली आणि तिच्याच मागच्या सीटवर बॅगा घेऊन पुण्याच्या गाडीला बसायला स्टेशनवर गेली.

आणि अक्का. अक्का तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसायची. मांडीवर पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर, तोंड माझ्या डाव्या कानाशी. पिंपळनेर सुटलं की ते तोंड सुरू. सासू काय बोलली, कांदा कसा सडला, धाकट्या दिरानं बांध कसा कोरला. समोरासमोर बसून अक्का कधी अवाक्षर बोलायची नाही, पण माझ्या पाठीला तिनं सगळं सांगितलेलं आहे. जळगावला पोचेपर्यंत ती हलकीफूल आणि माझा डावा कान तुडुंब. ती म्हणायची, "मनं माहेर तुनी गाडीपाईनच सुरू व्हस."

आता ही गाडी मी का बदलली? त्याचं मूळ धुळ्यात आहे. मी देवपुरात शिकायला होतो तेव्हा आमच्या वर्गातल्या एका बागायतदाराच्या पोराकडं रेसची गाडी होती. तो पांझरेच्या पुलावरून निघाला की पुलाखालची कबुतरं उडून थेट दोंडाईचाला जाऊन बसायची, आणि कॉलेजातल्या मुली माना वळवून वळवून मानदुखीनं आजारी पडायच्या. तेव्हाच मी मनात ठरवलं होतं. मग दुकान, लग्न, पोरं, पोरांच्या फिया. मनातलं मनात राहिलं. यंदा धाकटाही नोकरीला लागला आणि मी सरळ शोरूममध्ये गेलो.

तिथल्या पोरानं विचारलं, "काका, मुलाचा आवडता कलर कोणता?"

म्हटलं, "मुलगा मीच."

लालभडक घेतली. टाकी बैलाच्या वशिंडासारखी फुगलेली. मागची सीट वेगळी, उंच, पोळपाटाएवढी. तिच्यावर मांजर बसायचं तरी आधी घरच्यांना विचारून येईल. डाव्या बाजूला साडी गार्ड म्हणून नावापुरती एक जाळी होती. ती मला पैलवानाच्या पायात पैंजण घातल्यासारखी दिसली. म्हटलं, "काढा हे." पोरगा म्हणाला, "काका, लेडीज बसल्या तर?" म्हटलं, "आमच्या लेडीजची स्कूटी आहे." काढली जाळी. जुनी गाडी तिथंच एक्स्चेंजला दिली. शोरूमच्या मागं ती दुसऱ्या जुन्या गाड्यांच्या रांगेत उभी होती, आणि मी निघालो तेव्हा तिचा आरसा माझ्याकडं वळलेला होता. तो आरसा सैलच होता, कुठंही वळायचा. तरी पण.

आता मुद्द्याचं. मागच्या पावसाळ्यात आमची माय गेली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात; यंदा तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आमच्याकडं माय गेली की काय होतं ते मी आत्याच्या बाबतीत पाहिलंय. पहिल्या वर्षी बहीण काहीतरी कारण काढते. दुसऱ्या वर्षी भाऊ काढतो. मग नुसते फोन. कोणी भांडत नाही, कोणी ठरवत नाही, आणि वाट बुजून जाते. अक्का यंदा आली तर पुढंही येत राहील. यंदा चुकली की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुकान बंद केलं आणि निघालो.

निघताना माझी बायको मंदा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "अहो, आणि अक्का कुठं बसतील?"

"मागं."

"कशाच्या मागं?"

मी हेल्मेट चढवलं. हेल्मेटचा पहिला फायदा तिथंच कळला.

जळगाव ते पारोळा

पहाटे ऊन चढायच्या आत निघालो. बांभोरीच्या पुलावर गिरणा ओलांडताना असा काही वेग घेतला की माझी सावली पुलावरच राहिली. ती धापा टाकत मला एरंडोलला येऊन भेटली. रस्ता आता चारपदरी झालाय. पूर्वी दोन्ही बाजूंनी निंब आणि चिंचा होत्या, उन्हात त्यांच्या सावल्या मोजत जायचो. अक्काला एका चिंचेखाली उतरून पाणी प्यायची सवय होती. ती चिंच मी शोधली. दुभाजकातली कण्हेर तेवढी सापडली.

पारोळ्याच्या अलीकडे नानांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक कढई. वर्षानुवर्षं आमचा थांबा. मी जाऊन बसलो, रुमाल सोडला, तरी नाना ओळख देईनात. चहा ठेवून आत चालले.

म्हटलं, "नाना, भजी कुठंयत? दरवेळी मी बाकड्यावर टेकायच्या आत प्लेट यायची."

नाना माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बापू शे का तू? आरे, तुनी गाडीना आवाज वळणवर आयकू उना का मी घाणा सोडस. आज आवाजच नही उना, तर भजा कोठून येतीन?"

"गाडी बदली टाकी नाना. ती देखा, लाल."

नानांनी झारा हातात घेऊनच बाहेर येऊन पाहिलं. "पोऱ्यानी उचली लयना का?"

"मनीच शे!"

"आते? या वयम्हा?" नाना तिच्याभोवती फिरले, मागच्या सीटवर झाऱ्यानं ठोकून पाहिलं. "आन् अक्काले कोठे बसाडशी?"

मग नानांनी काढलेली भजी गरम होती की मला घाम फुटला होता, सांगता येत नाही.

धुळे

धुळ्यात हायवेनं बाहेरून जाता येतं. मी मुद्दाम गावात शिरलो. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी थांबलो, तो पांझरेचा पूल मी बायपासवरून हुकवणार होतो की काय! देवपुराच्या बाजूनं पुलावर आलो, छाती काढली, अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला. गाडी बंद पडली. मागून रिक्षा, टेम्पो, दुधाच्या गाड्या यांनी असा हॉर्नचा गजर केला की शिरपूरच्या लोकांना वरात आली असं वाटलं असणार. शेजारी स्कूटीवर एक आजी नातवाला घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "न्यूट्रल करा आधी."

माझ्या वयाच्याच होत्या. त्या काळी मानदुखी झालेल्यांपैकी एक असाव्यात, असं मी धरून चालतो. कबूतर मात्र एकही उडालं नाही. खाली पांझरा कोरडी पडलेली. ही पांझरा अक्काच्याच गावाकडून येते, माय पूर्वी या पुलावरून जाताना नदीला हात जोडून म्हणायची, "मनी पोर बरी शे ना वं माय?" नदी काय सांगणार. पण माय उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची.

पुढं साक्रीकडं डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. जुन्या गाडीवर तिथला वारा अंगावर घ्यायचो. नव्या गाडीवर वाऱ्यानं मला घेतलं. एकदा तर मी रस्ता सोडून शेजारच्या कांद्याच्या वावरात गाडीसकट जाऊन उभा राहिलो, शेतकऱ्यानं "या, बसा" म्हटलं, आणि पुढच्याच झोतानं पुन्हा रस्त्यावर आलो.

पिंपळनेर

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. केस खूप पांढरे झालेत. मायच्या दहाव्यानंतर आमची भेट नव्हती. तिनं माझ्या पायावर पाणी घातलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"बापू, हाई काय शे?"

"नवी गाडी."

"आन् आपली?"

"दिली."

तेवढ्यात दाजी बाहेर आले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. भात आणि कांदा पिकवतात आणि हसत नाहीत. त्यांनी गाडी चहूबाजूंनी पाहिली. "बापूसाहेब," ते म्हणाले, "मोटारसायकल आनली का पिसाळेल सांड?"

दुपारी जेवणं झाली. इंद्रायणीचा पांढराफटक भात, उडदाची आमटी, तळलेली मिरची. पूर्वेकडं आमच्या भाकरी-मिरचीच्या राज्यात भात हा शेवटी, पोटात जागा उरली तर. इकडं तो आधी येतो आणि मालकासारखा बसतो. ऊन उतरल्यावर अक्का पदर खोचून अंगणात आली. "चाल, बसी देखू."

तिनं एका बाजूनं बसून पाहिलं. घसरली. पुन्हा बसली. पदर चाकाकडं उडाला, दाजींनी झडप घालून धरला. पाय टेकायला जागा नाही, धरायला काही नाही. शेवटी मी आणि दाजींनी तिला दोन्हीकडून धरून वर चढवली, तर ती माझ्या डोक्याच्याही वर, माळ्यावर ठेवलेल्या कणगीसारखी. शेजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या. एकीनं विचारलं, "अक्का, तठून धुळं दिसस का वं?"

अक्का हसत हसत उतरली. पण उतरल्यावर चेहरा बदलला.

दाजी म्हणाले, "सकाळी एसटीनं लावून देऊ. बापू पुढं जाईल."

"मुऱ्हाळी दारम्हा उभा शे आन् मी एसटीनं जाऊ?" अक्का म्हणाली. "आन् बंद गाडीम्हा माले उलटी व्हस, ठाऊक शे ना तुम्हले." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ दे बापू. यंदा नको. तशी बी माय कोठे शे आते."

झालं. मी आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं तेच, शब्दाला शब्द. आणि कारण कोणतं, तर मी हौसेनं काढून टाकलेली वीतभर जाळी!

मी गाडी ढकलतच बाजाराच्या तोंडाशी मिस्तरीकडं नेली. हा माणूस ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. त्याला म्हटलं, साडी गार्ड लावून दे, पाय ठेवायला फूटरेस्ट दे, मागं धरायला कडं दे, आणि ही पोळपाटाची सीट काढून एक माणूस मांडी घालून बसेल अशी सीट कर.

मिस्तरीनं हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली. "भाऊ, नवी कोरी शे. अजून सीटवरला प्लास्टिक निघेल नही. भोक पाडू कशी मी? माले पाप लागी."

"पाप मना नावे. तू पाड."

"घरी इचारी या."

"घरीच इचारी उनू."

पहिलं भोक पडलं तेव्हा मी तोंड फिरवून समोरच्या दुकानातल्या कुदळी मोजत होतो. ड्रिलचा आवाज दातातून थेट टाचेत गेला. पण मिस्तरीही एकदा सुरू झाल्यावर थांबेना. खिडकीची उरलेली जाळी कापून गार्ड केलं, त्यात सवयीनं मधोमध एक मोरही बसवला. खाटेच्या पाइपाचं कडं. फळीवर फोम, वर हिरवं रेक्झिन, कारण लाल संपलं होतं. गाडी अशी दिसायला लागली की रेसच्या घोड्याला धरून कोणी त्याच्यावर नवरदेवाचं पालाण घातलंय.

अक्का दारातच बसलेली होती, तांदूळ निवडत. गाडी बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. मोराला हात लावून पाहिला. भोकाच्या कडेला रंग उडाला होता, तिथंही बोट फिरवलं.

"येडा शे का रे तू?" ती म्हणाली.

आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

परत

सकाळी निघालो. अक्का हिरव्या फळीवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पायाशी गार्डला बांधलेला आंब्याचा डबा. दाजी म्हणाले, "हळू." मी इतका हळू निघालो की साक्रीच्या आधी आम्हाला एका ट्रॅक्टरनं, एका सायकलवाल्यानं आणि पायी निघालेल्या मेंढरांनी ओव्हरटेक केलं. मेंढरांनी तर वळून पाहिलं.

पण अक्का बोलत नव्हती. साक्री गेलं, नेर गेलं. डावा कान रिकामा. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. कुसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा विचारलं, "काय व्हयनं? बोलत काबं नही?"

तिनं माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "या मडकाम्हा तुले काय आयकू येवाव? आन् सांगू काय? जे सांगानं ऱ्हाये ते मायपर्यंत जाये म्हनिसन सांगू. तू घर जाईसन बठ्ठं मायले सांगे. ठाऊक शे माले."

घालायचो खरं मी तिचं सगळं मायच्या कानावर. पण मला ठाऊक नव्हतं की तिला ठाऊक आहे.

धुळं ओलांडलं. पांझरेच्या पुलावर तिनं हात जोडले की काय, मागं दिसलं नाही. मुकटीच्या पुढं रस्ता सरळ आणि मोकळा, दोन्हीकडं नांगरून तापत पडलेली काळी वावरं. तिथं माझ्या हेल्मेटवर ठणठण वाजलं. मी ब्रेक दाबणार, तोच कानाशी ओरडली, "इतली मोठी गाडी शे आन् तू बैल हाकस का? पळाव ना!"

"अक्का, पडशी!"

"मिस्तरीनी कडं देयेल शे ना? पळाव!"

पळवली. इथं मी खरं सांगतो, फुगवत नाही: आयुष्यात मी एवढी गाडी कधी पळवली नाही. अक्काची पकड माझ्या खांद्यात रुतली, आणि ती ओरडायला लागली. आधी मला वाटलं घाबरली. गती कमी केली तर पाठीत गुद्दा बसला. मग कळलं, ती बोलतेय. वर्षभराचं सगळं, अगदी मोठ्यानं, त्या इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या वरताण. मला तुकडेच ऐकू येत होते. कांदा. दीर. गुडघे. सुनेचं काहीतरी. मग बराच वेळ एकच शब्द, घसा फाडून, "माय वं! माय वं!" आणि मग शब्दही नाही. मायच्या दहाव्याला ती पाहुण्यांच्या पंगती वाढत होती, रडायला तिला कोणी जागाच दिली नव्हती. सासरी भिंतीला कान. मी गाडीचा कान पिळून धरला आणि पारोळा मागं पडेपर्यंत सोडला नाही. नानांचं हॉटेल कधी गेलं तेही कळलं नाही. कढईतून वर उडालेली भजी तेवढी दिसल्यासारखी वाटली.

जळगावात पिंप्राळ्याला आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा निंबाला झोका बांधून झाला होता. पोरीबाळी गाडीकडं, मोराकडं आणि हिरव्या फळीकडं बोट दाखवून खिदळायला लागल्या. मंदा भाकर-तुकडा घेऊन दारात उभी. ती जागा मायची होती. अक्का उतरली, आणि दाराकडं पाहत तशीच थांबली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पदर भिजलेला. मंदा काहीतरी बोलायला पुढं झाली.

अक्कानं हातानंच तिला थांबवलं. पदरानं तोंड पुसलं, मोठ्यानं नाक ओढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "डोळाम्हा वारा गया रे. पुढला साले माले लेवाले येशी तवय मनाकरता गॉगल लई येजो."